जीएलसीची तीन वर्षांची वॉरंटी संपत आलीये, एक्स्टेंडेड घ्यावी का? (कोल्हापूर)

ताराबाईपार्ककर

नमस्कार मंडळी. गाडी मर्सिडीज जीएलसी २२०डी, नवीन मॉडेल ऑगस्ट २०२३ ला आलं आणि त्याच वर्षाच्या शेवटाला मी पुण्यातनं उचलली. कंपनीची तीन वर्षांची अमर्याद किलोमीटरची वॉरंटी आता संपत आलीये आणि पुढची वाढवून घ्या म्हणून फोन यायला लागलेत.

रनिंग सांगतो. रोज घर ते शिरोली एमआयडीसी आणि परत, म्हणजे जवळच, मधेच गोकुळ शिरगावला जाणं असतंय, महिन्यातनं एखादी पुणे नाहीतर बेळगाव ट्रिप, उन्हाळ्यात गगनबावड्यातनं खाली कोकणात. गाडी मी एकटाच चालवतो, सर्व्हिस सगळ्या कंपनीतच वेळेवर झाल्यात, आतापर्यंत तक्रार काही नाही. अजून चार वर्षं तरी विकायचा विचार नाही.

समोर दोन पर्याय आहेत. कंपनीचा स्वतःचा प्लॅन, दोन वर्षांचे जीएसटी धरून दोन लाखाच्या पुढं जातात. दुसरा एका एजंटनं आणलाय, बाहेरच्या कंपनीचा, निम्म्याहून कमी पैशात. आप्पा म्हणतात फाउंड्रीतल्या मशीनला आपण कधी वॉरंटी वाढवली नाही, मेंटेनन्स नीट केला की मशीन चालतंय. त्यांनी खरंच तशी चालवून दाखवल्यात त्यामुळं त्यांचं बोलणं टाकवत नाही. आणि पुण्यातले दाजी म्हणतात डोळे झाकून घे. ज्यांनी स्वतः घेतलीये किंवा मुद्दाम घेतली नाही अशांनी जरा सविस्तर सांगा, एवढे पैसे नुसत्या भीतीपोटी घालायचे नाहीत मला.

राजारामपुरी_डिझेल

दादा, माझ्याकडं दुसरी एक जर्मन एसयूव्ही आहे, नाव लिहीत नाही कारण इथं त्याचाच वाद सुरू होईल. चौथ्या वर्षाला कंपनीचाच प्लॅन घेतला होता. त्या वर्षात एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर गेला, सकाळी बघतोय तर गाडी एका बाजूनं खाली बसलेली. त्यानंतर काही महिन्यांनी डॅशबोर्डवर अ‍ॅडब्लूची वॉर्निंग यायला लागली (अ‍ॅडब्लू म्हणजे डिझेलचा धूर साफ करायला वेगळ्या टाकीत घालायचं द्रव), इतक्या किलोमीटरनंतर गाडी स्टार्ट होणार नाही असा उलटा आकडा सुरू झाला, शेवटी धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सर खराब निघाला. दोन्ही कामं वॉरंटीत झाली, आणि कच्चं बिल दाखवलं होतं ते धरलं तर वॉरंटीचे पैसे वसूल होऊन वर उरले.

तुमच्या जीएलसीला एअर सस्पेन्शन नाही, साध्या स्प्रिंगा आहेत, म्हणजे एक मोठा खर्च मुळातच कमी. पण अ‍ॅडब्लू आणि नॉक्स सेन्सर तुमच्यालाही आहेत, बीएस६ डिझेल आहे म्हटल्यावर सुटका नाही.

आणखी एक, आपल्या भागात राहणाऱ्यानं टो करायचं बघायला पाहिजे. गाडी हायवेला बंद पडली तर कुठल्या वर्कशॉपपर्यंत नेणार, किती किलोमीटरपर्यंत फुकट, आणि गाडी तिथं आठवडाभर राहिली तर तुम्हाला दुसरी गाडी देणार का. मुंबई पुण्याच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, आपल्याला पडतोय. रोडसाइड असिस्टन्स बऱ्याचदा वॉरंटीसोबत येतंय पण तसं गृहीत धरू नका, लिहून मागा.

उद्यमनगर_वर्कशॉप

मी उद्यमनगरात बाहेरच्या गाड्यांचं काम करतो, जर्मन गाड्याच जास्त, त्यामुळं खरं तर वॉरंटी न घेतलेला माणूस माझ्याकडं येणार, तरी जे आहे ते सांगतो.

आप्पांचं म्हणणं मशीनच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर आहे आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या बाबतीतही बरोबर होतं. उद्यमनगरात काय होत नाही सांगा, शाफ्ट टर्न करून मिळतोय, हौसिंग कास्ट करून मिळतंय, अल्टरनेटर रिवाइंड होतोय, टर्बोसुद्धा कार्ट्रिज बदलून उभा करतो आम्ही. पण आताच्या गाडीत जो भाग महाग आहे तो लोखंडाचा नाही. तुमच्या गाडीला ४८ व्होल्टची सिस्टीम आहे, स्टार्टर आणि जनरेटर एकच आणि तो बेल्टवर बाहेर लटकलेला नाही, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसवलाय. त्याच्यापर्यंत पोचायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवायलाच लागतोय. कंट्रोल युनिट बदललं तर ते तुमच्या चॅसी नंबरला कंपनीच्या सर्व्हरवरनं कोड करायला लागतंय, नुसतं बसवून चालत नाही. हेडलाइट घ्या, त्यात बल्ब नाही, आख्खं युनिट. पुढचा रडार, काचेमागचा कॅमेरा, स्क्रीन, हे सगळं जाईल तेव्हा आख्खं बदलायचं. हे पार्ट जातातच असं नाही हो, पण गेला तर एकच पार्ट तुमचा दोन वर्षांचा प्रीमियम खातोय, आणि कुठला जाईल ते मला गाडी बघून सांगता येत नाही. टर्बो वाजायला लागला की कान लावून कळतंय, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल काही आवाज करत नाही.

आता यात काय मिळणार नाही ते. ब्रेक पॅड, डिस्क, टायर, वायपर, फिल्टर, ऑइल हे झिजणारं सामान कुठल्याच प्लॅनमध्ये नसतंय. बुश, शॉकअप, माउंटिंग, १२ व्होल्टची बॅटरी याचं प्रत्येकाचं वेगळं, तेवढं नीट वाचा, कारण आपल्याकडं सातारा ते कागल सहापदरीचं काम सुरू झाल्यापासनं डायव्हर्जनचे खड्डे बुशांनाच खातात. आणि खड्ड्यात आदळून रिम वाकली, खालची आर्म वाकली, इंजिनखालचा ऑइल चेंबर फुटला तर तो अपघात, वॉरंटी हात वर करणार, तिथं इन्शुरन्स.

उंदीर पण तसंच. शेताजवळ, गुऱ्हाळाजवळ गाडी लावणाऱ्यांच्या वायरिंग खाल्लेल्या गाड्या माझ्याकडं ऊसतोड सुरू झाली की रांगेनं येतात, वॉरंटीत एक रुपया मिळत नाही त्याचा.

आणि दादा तुमच्या रनिंगमध्ये मला खरी काळजी डीपीएफची, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची आहे. ताराबाई पार्क ते शिरोली एवढ्यात इंजिन धड तापतंय न तापतंय तोवर तुम्ही बंद करता. काजळी जाळायला सायलेन्सर चांगला गरम होऊन काही वेळ सलग गाडी पळायला लागते. ते झालं नाही की फिल्टर भरत जातो, आणि चोंदलेला डीपीएफ वापरामुळं चोंदला असं म्हणून क्लेम नाकारायला जागा असतीय. आठवड्यातनं एकदा कागलच्या पुढं निपाणीपर्यंत एका वेगात जाऊन या, मधे थांबू नका. वॉरंटी घ्या नाहीतर नका घेऊ, हे मात्र करा.

नागाळापार्क२१

मी उलट बाजूनं सांगतो. कंपनी आकडेमोड करूनच किंमत ठरवते, दहा जणांकडनं घेते आणि दोघातिघांना देते, वर १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातनं. मी घेतली नाही. तेवढीच रक्कम वेगळ्या एफडीत टाकली, गाडीचं काही निघालं तर तिथनं, नाही निघालं तर पैसे माझेच. पेट्रोल सेडान आहे, वर्षाला रनिंग अगदी थोडं, आणि पाचव्या वर्षाच्या आत विकायची हे पहिल्यापासनं ठरलेलं. वरती वर्कशॉपवाल्यांनी सांगितलेलं सगळं मान्य करून पण माझं मत हेच की ज्याला एकदम पाच सहा लाखाचं बिल आलं तर झोप उडत नाही त्यानं घेऊ नये. तुमचा कारखाना आहे, तुम्ही ते झेलू शकता.

राजारामपुरी_डिझेल

@नागाळापार्क२१ पेट्रोल, कमी रनिंग, लवकर विकायची, या तिन्ही गोष्टी तुमच्याकडं आहेत म्हणून तुमचा हिशेब जमतोय. दादांचं डिझेल आहे आणि अजून चार वर्षं ठेवणार. शिवाय विकताना वॉरंटी शिल्लक असली आणि ती पुढच्या मालकाच्या नावावर होत असली तर गिऱ्हाईक पटकन मिळतंय, जर्मन गाडी जुनी घेताना लोक पहिलं हेच विचारतात. दादा, ट्रान्सफर होतीय का आणि त्याला किती फी, हे पण विचारून ठेवा.

ताराबाईपार्ककर

सगळ्यांचे आभार, एफडीचा विचार माझ्याही डोक्यात होता. आता बाहेरच्या स्वस्त प्लॅनबद्दल कुणी सांगेल का? एजंट म्हणतोय कव्हर सेम टु सेम आहे. आणि दुसरं, पुराचं काय? २०१९ ला आणि परत २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन रस्ता बंद झालेला, माझा रोजचा रस्ता तोच. पाण्यानं इंजिन गेलं तर यातलं कोण देणार?

कसबा_बावडा_वकील

दादा, मी ग्राहक आयोगातली कामं बघते, म्हणून यात लक्ष घालते.

पुराचं आधी. पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत कधीच येत नाही, मग कंपनीची असो नाहीतर बाहेरची. ते मोटार इन्शुरन्सचं काम, आणि तिथंही साध्या पॉलिसीत पाणी आत ओढून इंजिन लॉक झालं तर ते नुकसान नाकारतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं अ‍ॅड-ऑन लागतं. पंचगंगेच्या काठच्या शहरात एवढी महाग गाडी बाळगताना ते नसेल तर वॉरंटीच्या आधी ते घ्या. आणि पाण्यात गाडी बंद पडली की परत स्टार्टर मारायचा नाही. ढकलून नाहीतर टो करून बाहेर काढायची, कारण नुकसान खरं तिथं होतं आणि क्लेमचा वादही तिथंच होतो. याच्या उलट, यांत्रिक किंवा इलेक्ट्रिकल बिघाड मोटार इन्शुरन्समधून स्पष्ट वगळलेला असतो. म्हणजे एकानं दुसऱ्याचं काम होत नाही.

बाहेरच्या प्लॅनबद्दल एजंट काय म्हणतोय ते सोडून द्या, कागद मागा. जाहिरातीचं पान नको, पूर्ण अटींचं पुस्तक मागा आणि ते पैसे देण्याच्या आधी मागा. त्यात कव्हर असलेल्या पार्टची यादी दिलीये, की फक्त वगळलेल्यांची यादी देऊन बाकी सगळं कव्हर म्हटलंय, हे पहिल्यांदा बघा. दुसरा प्रकार ग्राहकाच्या फायद्याचा, कारण यादीत नाव नाही म्हणून हुज्जत घालता येत नाही. मग एका क्लेमला किती मर्यादा, वर्षभराची मिळून किती, मजुरी धरलीये का, जुन्या पार्टवर घसारा कापणार का. एक पार्ट बिघडल्यामुळं दुसरा गेला तर दुसऱ्याचे पैसे कोण देणार हे तर नक्की बघा, भांडणं सगळ्यात जास्त त्याच ओळीवरून येतात माझ्याकडं. आणि गाडी उघडायच्या आधी त्यांची परवानगी लागते का. लागत असेल आणि वर्कशॉपनं आधीच उघडली तर क्लेम गेला.

अजून एक भीती घालतात, बाहेर एक नट जरी खोलला तरी वॉरंटी रद्द. ऑगस्ट २०१४ मध्ये कॉम्पिटिशन कमिशननं स्पेअर पार्टच्या प्रकरणात १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड लावला होता, त्याच आदेशात असंही सांगितलं की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, त्या कामातल्या चुकीमुळं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतंच नाकारता येईल. ते प्रकरण पुढं कोर्टात गेलं, त्यामुळं त्याच्या भरवशावर मुद्दाम बाहेर कामं काढू नका, पण कुणी दबाव टाकत असेल तर माहिती असलेली बरी.

आणि गाडी पुण्यातली, कंपनी तिसरीकडची म्हणून घाबरायचं कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते. वस्तू किंवा सेवेसाठी तुम्ही दिलेली रक्कम ५० लाखापर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्याच्या वर राज्य आयोग, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा. कागद मात्र सगळे जपून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरचं आश्वासन असलं तरी त्याची ईमेल मागून घ्या.

उद्यमनगर_वर्कशॉप

ताईंनी सांगितलेलं कुठल्याही गॅरेजवाल्यापेक्षा भारी आहे. बाहेरच्या प्लॅनबद्दल माझं एवढंच की माझ्या बघण्यात आलेल्या प्लॅनमध्ये इंजिन गिअरबॉक्सच्या आतले पार्ट धरलेले असायचे आणि इलेक्ट्रॉनिक्सला कात्री, आणि तुमच्या गाडीत धोका तर इलेक्ट्रॉनिक्सलाच आहे. घ्यायचीच तर कंपनीची घ्या, वॉरंटी चालू आहे तोवरच घ्या, एकदा संपून गॅप पडला की आधी गाडी तपासणार, तपासणीत निघालेलं तुमच्या खर्चानं करून घ्यायला लावणार आणि मग देणार, देतील तर.

आणि घ्या नाहीतर नका घेऊ, आताची वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी गाडी एकदा लिफ्टवर चढवून सगळी बघून घ्या. कुठं ऑइल पाझरतंय का, सनरूफ कुरकुरतोय का, रिव्हर्सला झटका येतोय का, थंड इंजिनचा आवाज, एसीचा कूलिंग, स्कॅन करून जुने फॉल्ट कोड. जे जे वाटतंय ते जॉब कार्डवर लिहायला लावा, नुसतं तोंडी सांगून येऊ नका. वॉरंटीत असताना लिहिलेली तक्रार नंतर वाढली तरी तुमच्याकडं तारखेचा कागद असतोय.

ताराबाईपार्ककर

आज ईमेल टाकली, कंपनीच्या प्लॅनचं अटींचं पुस्तक मागवलंय आणि टो, ट्रान्सफर, नॉक्स सेन्सर, ४८ व्होल्ट आणि डीपीएफ या पाच गोष्टींवर लेखी उत्तर द्या म्हटलंय. बाहेरचा प्लॅन सोडला. आप्पांना वर्कशॉपवाल्यांचा मेसेज वाचून दाखवला, ते म्हणाले कोडिंग लागतंय म्हटल्यावर मग घे बाबा. आधी एकच वर्ष घेतो, चौथ्या वर्षात पुढचं वाढवता येतंय का ते त्याच ईमेलमध्ये विचारलंय. इंजिन प्रोटेक्ट पॉलिसीत आहे, आत्ताच बघितलं.

कसबा_बावडा_वकील

छान केलं. "सामान्यतः कव्हर असतं" असं उत्तर आलं तर ते उत्तर धरू नका दादा, कलम नंबर मागा.

उद्यमनगर_वर्कशॉप

आणि रविवारी निपाणीपर्यंत जाऊन या.