पुण्याहून परतलेला मुलगा बोलत नाही. गावात कोणाचा आधार घ्यावा?

प्रश्न (एक पालक, नाशिक जिल्हा):
पुण्यात चार वर्षे राज्यसेवेचा अभ्यास करून मुलगा दिवाळीला घरी आला, तो परत गेलाच नाही. खोलीतच पडून असतो. दारापाशी ठेवलेले ताट संध्याकाळी तसेच असते, भाकरी वाळून कडक झालेली असते. भावकीत बोभाटा होईल या भीतीने त्याची आई कोणाशीच बोलत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर (आशा स्वयंसेविका):
दादा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर आधी आपण स्वतः बोला. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. मरणाची भाषा त्याच्या तोंडी आली, तर मात्र त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या.

उत्तर (मुलीची आई, पुणे):
औषधांनी माझ्या मुलीची झोप परत आणली. आम्हा दोघांना सावरले ते मानसिक आजाराचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांच्या स्वमदत गटाने. तेथे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. पहिल्या सभेत मी नुसती रडले, पण कोणी उपदेश केला नाही, हे मला फार मोलाचे वाटले. वहिनींना अशा गटात जरूर न्या.

उत्तर (निवृत्त शिक्षक):
आपल्याच जिल्ह्यातील गावांत ‘आत्मीयता’ या मानसिक आरोग्याच्या उपक्रमाने गावकऱ्यांनाच ऐकून घेण्याचे प्रशिक्षण दिले होते. मुलाच्या विश्वासातला एखादा मित्र शोधा. परीक्षेचा विषय त्याने काढू नये.

प्रश्नकर्ते:
आज रात्रीच फोन करतो. त्याचा शाळासोबती उद्या शेतावर येणार आहे.