मदत हवी आहे: खुराड्याखालनं उकरून कोंबड्या नेतंय, जाळी कशी लावू?

पन्हाळ्याच्या पायथ्याला घर, मागं लगेच ऊस. 14 गावठी कोंबड्या होत्या, आठवड्यात 5 गेल्या. खुराड्याला जाळी हाय, दाराला कडी, रात्रभर बल्ब चालू, कुत्रं पण शेजारीच बांधलं, तरी काल पहाटे एक तलंग मानेला चावून तिथंच टाकलेली, बाकी अंगाला धक्का नाही आणि जाळीच्या बुडाला माती उकरलेली, लई जीव तुटला बघून. दिवसा काही होत नाही म्हणजे मुंगूस नसावं, रानमांजर नाहीतर उदमांजर वाटतंय. विष, फास सांगू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे आणि मला मारायचं पण नाही. खाली कोबा करायला आत्ता पैसे नाहीत. अर्धा इंची वेल्डेड जाळी फूटभर खाली गाडू, का बाहेरनं आडवी पसरून वर दगड ठेवू?