कूलंट कमी होतंय, पण जातंय कुठे? टर्बो गाडीवाल्यांनो, अनुभव लिहा

घाटवाट (पुणे)

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेल्या पेट्रोल गाड्या आता गल्लोगल्ली दिसतात आणि त्यांच्याबरोबर एक तक्रारही ऐकू येते. इंजिन गार ठेवणारं कूलंट टाकीतल्या 'मिन'च्या रेघेखाली जातं, पार्किंगमध्ये मात्र एक थेंब सापडत नाही. सर्व्हिसला नेली की टॉप-अप करून देतात आणि 'लक्ष ठेवा' म्हणतात. कशावर ठेवायचं, ते कुणी सांगत नाही.

यंत्रणा बंदिस्त असते, त्यामुळे धडधाकट गाडीत कूलंट वरचेवर कमी व्हायचं काही कारण नाही. इंजिन तापलं की आत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ ते १.४ बार जास्त दाब तयार होतो. त्या दाबामुळेच आतलं नुसतं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. टर्बोच्या बेअरिंगभोवती हेच कूलंट फिरतं आणि शेजारची एक्झॉस्टची बाजू कित्येक शे अंशांवर असते. तिथला जोड पाझरला तर थेंब खाली पडायच्या आत वाफ होऊन जातो. म्हणून जमीन कोरडी.

तर गळती कुठे सापडली, कशी सापडली आणि आधी खापर कशावर फुटलं होतं, ते लिहा. कंपनी-मॉडेल नको, नाहीतर चर्चा 'तुझी गाडी बरी की माझी' यावर जाते.

माझ्यापासून सुरुवात. १.२ टर्बो पेट्रोल. कोकणातून वरंधा चढून भोरला चहाला थांबलं की बोनेटमधून गोडसर वास यायचा. चालत्या गाडीत नाही, बंद केल्यावरच. गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर लावला. झाकणाच्या जागी बसणारा हातपंपच तो, १ बार भरायचा आणि काटा उतरतो का बघायचं. गार इंजिनवर काटा ढिम्म. बाहेर गळती नाही म्हणजे हेड गॅसकेट (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पट्टी) गेली, असा निकाल लागला आणि हेड उतरवायचं एस्टिमेटही हातात पडलं.

ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींना दाखवलं. ते म्हणाले, "हेड कुठं पळून जात नाही. आधी डाय टाकून घाट चढवून आणा." कूलंटमध्ये यूव्ही डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) टाकला, दणकून चालवली, गार झाल्यावर टर्बोवरचा हीट शील्ड काढला आणि शटर ओढून अंधारात यूव्ही टॉर्च मारला. टर्बोतून परत येणाऱ्या पाईपच्या जोडाखाली पोपटी रेघ चमकली. साध्या उजेडात तिथेच गुलाबी-पांढरा खरपुडा धरलेला, नखाने निघेल इतका. ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. इंजिन बंद झालं की पट्ट्यावरचा पंप थांबतो, टर्बोची धग तिथे अडकलेल्या कूलंटमध्ये उतरते, आणि नेमक्या त्या वेळात जोड सोडायचा. काही गाड्यांत याचसाठी वेगळा इलेक्ट्रिक पंप असतो. बंद केल्यावरही बोनेटमधून घूं आवाज येतो तो त्याचा.

तिसरा_गिअर (नाशिक)

आमच्याकडे हेड गॅसकेटचा संशय खरा निघाला. सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन थरथरायचं, एक सिलेंडर मिस, मागून पांढरा धूर, मिनिटभरात सगळं शांत. लोक म्हणाले थंडीची वाफ आहे. पण मे महिन्यात नाशकात कसली थंडी?

मेकॅनिकने संध्याकाळी प्रेशर भरून गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी स्टार्ट न करता प्लग काढले आणि भोकातून कॅमेरा आत सोडला. तीन पिस्टन काळे, एक लख्ख धुतलेला आणि वर पाणी साचलेलं. वाफेने काजळी निघून जाते, म्हणून तो स्वच्छ. खात्रीसाठी ब्लॉक टेस्ट केली. टाकीवरची हवा निळ्या द्रावणातून ओढतात. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर पेट्रोल गाडीत निळ्याचं पिवळं होतं. झालं. मगच हेड उतरवलं.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट मलई दिसली म्हणून ऑइलमध्ये कूलंट गेलं असं समजून कुणी घाबरू नका. पावसाळ्यात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच गाडी नेत असाल तर ती नुसत्या दमटपणानेही धरते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे का ते बघा.

डिझेलभक्त (छत्रपती संभाजीनगर)

डिझेलवाल्यांनी ईजीआर कूलर विसरू नये. एक्झॉस्टचा थोडा गॅस पुन्हा इंजिनात सोडतात, तो गार करायला त्यात कूलंट फिरतं. आतली नळी फुटली की पाणी थेट गॅसच्या वाटेने इंजिनात जातं. बाहेर काहीच नाही, ऑइल स्वच्छ, फक्त पांढरा धूर. आमच्या गाडीत काजळी ओली, चिखलासारखी निघाली. कूलर सुटा काढून दोन्ही तोंडं बंद केली, हवा भरून बादलीत बुडवला. बुडबुडे.

अनघा_ठाणे

माझी गळती गाडीच्या आतच होती. डाव्या सीटपुढचा गालिचा ओला. प्रत्येकाचं एकच उत्तर: "ताई, एसीचं पाणी आहे, ड्रेन चोक झालाय." ड्रेन साफ केला, तरी ओल तशीच. मग पांढरा टिश्यू दाबून बघितला. एसीचं पाणी बिनरंगी आणि बिनवासाचं असतं. हा टिश्यू हिरवट झाला आणि बोटांना चिकटपणा लागला. शिवाय पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरायचं, पुसलं की पसरायचं.

डॅशबोर्डमागचा हीटर कोअर (गाडीतली हवा तापवणारी कूलंटची जाळी) गळत होता. "आपण हीटर लावतो कुठे?" असं मलाही ऐकवलं गेलं. न लावताही बऱ्याच गाड्यांत कूलंट कोअरमधून फिरतंच, बंद असतो तो फक्त हवेचा पडदा. भाग फार महाग नाही, मजुरीने मात्र डोळे पांढरे होतात, कारण अख्खा डॅशबोर्ड उतरतो.

उंदीरमामा (चिपळूण)

पावसाळा. उंदीर. टर्बोमागचा बारीक होज. अधिक काय लिहू?

म्युनिककर

इथल्या हिवाळ्यातला प्रकार. गळती फक्त गार इंजिनवर, पारा शून्याखाली गेला की. तापलं की बंद, कारण प्लॅस्टिक आणि रबर फुगून जोड आपोआप बसतो. म्हणजे घाटवाट यांच्या अगदी उलट. ओल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी दिसायची, त्यामुळे पहिला संशय ब्लॉकच्या मागच्या बाजूचं भोक बुजवणाऱ्या प्लगवर. प्रत्यक्षात इनटेक मॅनिफोल्डखाली (सिलेंडरांना हवा वाटणारा भाग) दडलेलं पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिक हाउसिंग तडकलं होतं आणि पाणी ब्लॉकवरून ओघळत मागे जात होतं. ओल दिसते तिथून वरच्या दिशेने शोधत जायचं. आणि इकडे नुसत्या पाण्याने टॉप-अप करत राहणं परवडत नाही. निम्मं ग्लायकॉल असेल तर मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं. प्रत्येक तांब्याबरोबर तो आकडा वर सरकतो.

गॅरेजवाला (सांगली)

मी रोज हेच करतो, म्हणून थोडं रोखठोक लिहितो.

आधी टाकीचं झाकण बघा राव. त्यातली स्प्रिंग मऊ पडली की ठरलेल्या दाबाआधीच वाफ सोडते आणि कूलंट फेंडरच्या आतल्या बाजूला उडतं. स्वस्त भाग आहे, म्हणून कुणी संशय घेत नाही. झाकणसुद्धा टेस्टरवर लावून तपासता येतं. गरम गाडीचं मात्र उघडू नका, तोंड भाजून आलेले लोक पाहिलेत मी.

दुसरं, टाकीची खालची शिवण. बारीक चीर डोळ्याला दिसत नाही, सुकलेली रंगीत रेघ दिसते. वॉटर पंपाच्या अंगावर एक छोटं भोक असतं, सील गेलं की तिथून पाझरतं. त्याच्याखालीही तशीच रेघ शोधायची.

बोअरचं पाणी घालू नका. आमच्या भागात क्षार इतके की रेडिएटरला दगड धरतो. गळती बंद करायची पावडर-बाटली टर्बो गाडीत तर नकोच. टर्बोचे पाईप आणि हीटर कोअर बारीक, आधी तेच बुजतात.

तिसरा_गिअर

@गॅरेजवाला, हायवेवर अडकलो आणि जवळ गॅरेज नसेल तर बाटली चालेल की?

गॅरेजवाला

टो करा. बाटलीनंतरचं फ्लशिंग त्यापेक्षा महाग पडतं.

कळंगुटकर

ओबीडी डाँगल (गाडीच्या सॉकेटला लावायचं, इंजिनाचे आकडे मोबाईलवर पाठवणारं यंत्र) लावून तापमान बघणाऱ्यांसाठी: पातळी फार खाली गेली की सेन्सर कूलंटमधून उघडा पडतो आणि हवेचं तापमान दाखवतो. माझ्या स्क्रीनवर आकडा नॉर्मल होता आणि बोनेटमधून वाफ निघत होती. आता गाडी गार असताना सकाळी टाकी बघतो, आकडा नंतर.

शनिवारची_धाव (बेळगाव)

माझं अजून सापडलेलं नाही. टर्बो पेट्रोल. डाय टाकला, बाहेर कुठेच चमकलं नाही. ब्लॉक टेस्ट निळीच राहिली. ईजीआर कूलर या इंजिनात नाही. गालिचा कोरडा. कधीतरी सकाळी पांढरा धूर. आता काय?

गॅरेजवाला

इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा गार करणारा) हवेचा आहे का पाण्याचा? इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला पाण्याचा असेल तर त्याची जाळी फुटली की कूलंट हवेबरोबर सिलेंडरमध्ये जातं. बाहेर डाय दिसणार नाही, आणि ज्वलनाचा वायू मागे येत नाही म्हणून टेस्टही निळीच राहणार. थ्रॉटल बॉडी (हवेच्या वाटेवरची झडप) काढून मॅनिफोल्डमध्ये कॅमेरा आणि यूव्ही दोन्ही घाला. तळाशी ओल दिसली तर कूलर सुटा काढून हवा भरून बघा.

शनिवारची_धाव

पाण्याचाच आहे. सोमवारी थ्रॉटल बॉडी काढायला सांगतो.