मदत हवी आहे : गॅरेजमधला डिझेलचा धूर, कॅन्सरची भीती आणि शेठला सांगायचं कसं?

नमस्कार. एरवी नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर हलवा.

माझे मिस्टर कळंबोलीजवळ एका ट्रकच्या गॅरेजमध्ये डिझेल मेकॅनिक आहेत. वय ४४, त्यातली २३ वर्षं हेच काम. उन्हाळ्यात गाड्या बाहेर उभ्या असतात, पण पाऊस लागला की सगळं आत. झड येते म्हणून शटर अर्धं खाली, आणि आत इंजिन रेस करून धूर बघायचा. पावसाळ्यात यांच्या उशीचा अभ्रा मी दर दोन दिवसांनी धुते. तोंड टेकतं तिथे राखाडी डाग पडतो. ऑइल साबणाने निघतं, ही काजळी निघत नाही. नाक शिंकरलं की रुमालावर काळं.

गेल्या महिन्यात यांच्या जोडीच्या मिस्त्रींना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. ते बिडी ओढायचे, त्यामुळे सगळ्यांनी बिडीवर खापर फोडलं आणि विषय संपला. (आमच्याकडेही दिवसाला सात-आठ आहेत, खोटं कशाला बोलू.) पण मी वाचलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर पहिल्या गटात टाकलाय, म्हणजे तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या रांगेत. तेव्हापासून झोप नाही.

एक्स-रे काढला, स्वच्छ आला. तेवढं पुरे का? मास्क लावून उपयोग होतो का? आणि शेठला काय सांगायचं? ते म्हणतात, "माझा बाप याच धुरात ऐंशी वर्षं जगला."

प्रतिसाद १
ताई, आधी एक गैरसमज काढा. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. एकाच गटात आहे म्हणून डिझेल आणि सिगारेट सारखेच घातक असं होत नाही. पण पुरावा खरंच पक्का आहे. १९८८ मध्ये हाच धूर 'बहुधा कर्करोगकारक' म्हणून नोंदला होता. मग अमेरिकेतल्या ८ खाणींमधल्या १२ हजारांवर कामगारांचा अभ्यास आला. जमिनीखाली सर्वाधिक धूर खाल्लेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका सर्वात कमी धूर लागलेल्यांच्या सुमारे तिप्पट निघाला.

एक्स-रेत लहान गाठ सुटू शकते. छातीच्या डॉक्टरांकडे जा, बिडी किती वर्षं आणि धूर किती वर्षं हे दोन्ही केसपेपरवर लिहून घ्या. लो-डोस सीटी (कमी किरणांचा छातीचा स्कॅन) करायचा की नाही ते त्यावरून ठरवतील. खोकल्यातून रक्त, न जाणारा खोकला, वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. आणि बिडी सोडणं हे आज, फुकटात, तुमच्या हातात आहे.

प्रतिसाद २
माझं स्वतःचं गॅरेज आहे, म्हणून शेठच्या बाजूने बोलतो. एन-९५ घट्ट बसला तर काजळी अडवतो, वायू अडवत नाही. दाढी असेल तर कडेनेच धूर आत. आणि दिवसभर तो लावून कोण काम करतंय?

खरा उपाय म्हणजे सायलेन्सरच्या तोंडाला उष्णता सोसणारा होज (लवचीक नळी), दुसरं टोक भिंतीतून बाहेर, शेवटी ब्लोअर. साधा पीव्हीसी पाइप लावू नका, वितळतो. नुसता वर एक्झॉस्ट फॅन बसवला तर धूर आधी माणसाच्या नाकासमोरून जातो आणि मग बाहेर. नव्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांत बसणाऱ्या) गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये फिल्टर असतो, काजळी फार कमी. तुमच्याकडे येतात त्या जुन्या गाड्यांचाच खरा ताप.

शेठला कॅन्सर म्हणू नका, बिथरेल. पोरांचं डोकं दुखतं, काम मागे पडतं, असं सांगा.

धागाकर्ती
दोघांचे आभार. यांनी रविवारी शेठजवळ डोकेदुखीचाच विषय काढला. शेठ म्हणाले, एका पिटला (गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्याला) होज लावून बघू, माणूस माप घेऊन गेलाय. शटर आत्तापासून पूर्ण वर ठेवतात, झडीला बाहेर ताडपत्री बांधलीय.

सीटीचं नाव काढलं की मात्र हे उठून जातात. "काही निघालं तर?" एवढंच म्हणतात. कुणी अशा माणसाला तयार केलंय का? कसं केलं?