गावात नवा कोच येतो तेव्हा: कॉलेज फुटबॉलच्या गावांतले अनुभव

२०२५ चा सीझन कॉलेज फुटबॉलच्या कोचांना फारच जड गेला. ऑक्टोबरमध्ये पेन स्टेट विद्यापीठाने जेम्स फ्रँकलिनला आणि एलएसयूने (लुईझियाना स्टेट विद्यापीठाने) ब्रायन केलीला घरी बसवलं. नोव्हेंबर उजाडताच ऑबर्न विद्यापीठाने ह्यू फ्रीझला नारळ दिला. तिघेही गेले ते हरत होते म्हणून. यातल्या फ्रीझची गोष्ट मजेशीर आहे. विद्यापीठाच्या फोनवरून एस्कॉर्ट सर्व्हिसच्या नंबरवर कॉल गेल्याचं उघडकीस आलं आणि २०१७ मध्ये त्याला ओले मिसमधून (मिसिसिपी विद्यापीठातून) राजीनामा द्यावा लागला. दीड वर्षात लिबर्टी या कट्टर ख्रिस्ती विद्यापीठाने त्याला नेमलं, २०२२ मध्ये ऑबर्नने उचललं. मैदानाबाहेरचं प्रकरण पचलं, हरणं पचलं नाही.

भारतातल्या वाचकांसाठी सांगतो: हा हेल्मेटवाला, अंडाकृती चेंडूचा फुटबॉल. खेळतात विद्यार्थी, पण स्टेडियममध्ये लाखभर माणसं बसतात, आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगाराचा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो. आपल्यातले कितीतरी जण शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने अशा गावांत राहिले आहेत. स्कोअर नकोत, ते सगळीकडे मिळतात. कोचच्या मैदानाबाहेरच्या वागण्यावरून गावात काय झालं, नेमणूक करताना ते कोणी तपासलं का, तुम्ही जवळून काय पाहिलंत, ते लिहा.

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया (तेव्हा विद्यार्थी)

सुरुवात मीच करतो, कारण यातलं सगळ्यात काळं प्रकरण आमच्या गावचं.

नोव्हेंबर २०११. जेरी सँडस्की हा पेन स्टेटचा जुना असिस्टंट कोच लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या आरोपाखाली पकडला गेला. हेड कोच जो पटर्नो १९६६ पासून त्या पदावर होते. ४०९ विजय, वय ८४, गावात नुसतं 'जोपा' म्हटलं की पुरे. २००१ मध्ये एका तरुण सहकाऱ्याने लॉकर रूमच्या शॉवरमध्ये सँडस्कीला एका मुलासोबत पाहिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी जोपांच्या घरी जाऊन सांगितलं होतं. जोपांनी ते वरिष्ठांच्या कानावर घातलं. पोलिसांकडे कोणीच गेलं नाही.

९ तारखेच्या रात्री ट्रस्टींनी त्यांना फोनवरून काढलं. मी लॅबमधून घरी निघालो होतो, तर बीव्हर ॲव्हेन्यू पोरांनी भरून गेलेला. एका चॅनेलची व्हॅन उलटी करून टाकली होती. माझ्या डिस्कशन सेक्शनमधला, एरवी तोंडातून शब्द न काढणारा मुलगा त्या गर्दीत घसा फोडून ओरडत होता, आणि ओरडणं कोचसाठी होतं. दोनच दिवसांनी ओल्ड मेन या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीच्या हिरवळीवर पीडित मुलांसाठी मेणबत्त्या घेऊन हजारो जण उभे राहिले. तिथेही तो मुलगा मला दिसला. आज इतक्या वर्षांनीही त्या दोन रात्रींची सांगड मला धड घालता येत नाही.

जोपा जानेवारी २०१२ मध्ये कॅन्सरने गेले. जूनमध्ये सँडस्की ४५ आरोपांत दोषी ठरला. जुलैत स्टेडियमबाहेरचा जोपांचा पुतळा काढला, आणि एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने ६ कोटी डॉलर दंड ठोकून १९९८ पासूनचे विजय पुसले. २०१५ मध्ये ते विजय परत दिले. लायब्ररीवरचं त्यांचं नाव मात्र कधीच निघालं नाही. ती उभारताना त्यांनी स्वतःचे पैसे घातले होते आणि लोकांकडून जमवलेही होते. माझा निम्मा थिसिस मी त्याच लायब्ररीत बसून लिहिला. पुतळा काढायचा आणि लायब्ररीचं नाव ठेवायचं, हा निर्णय मला त्या काळातला सगळ्यात शहाणा वाटतो. इथे बरेच जण असहमत होतील.

बेंटनव्हिल, आर्कान्सा (एचआर)

आमच्याकडे विनोदी नाटक झालं, असं सगळे समजतात. १ एप्रिल २०१२ ला आर्कान्सा विद्यापीठाचा हेड कोच बॉबी पेट्रिनो याची मोटरसायकल घसरली. एकटाच होतो म्हणाला. पट्टा गळ्यात, चेहरा सोललेला, अशा अवस्थेत पत्रकार परिषद घेतली. मग पोलिसांचा अहवाल येणार असं कळल्यावर कबूल केलं की मागे २५ वर्षांची एक मुलगी बसली होती. तिला त्याने नुकतंच फुटबॉल विभागात नोकरीवर घेतलं होतं. दोघांचे संबंध होते, आणि तिला २० हजार डॉलर भेट दिल्याचंही बाहेर आलं. ॲथलेटिक डिरेक्टर (विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख) जेफ लाँग यांनी दहा दिवसांच्या आत त्याला काढलं. आदल्याच सीझनला संघ ११ मॅच जिंकून फक्त २ हरलेला असताना! त्या वेळी आमच्या ऑफिसात लाँगना शिव्या घालणारे कमी नव्हते.

पट्ट्याचे फोटो आजही फिरतात. माझ्या डोक्यात मात्र दुसराच आकडा बसलाय. त्या एका जागेसाठी १५९ अर्ज आले होते. एचआरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला ते उरलेले १५८ दिसतात. कोणी गाडीत पेट्रोल भरून मुलाखतीला आलं असेल, कोणी इस्त्रीचा शर्ट मागून आणला असेल. त्यांच्यावर कोणी मीम केलं नाही.

पुढचं ऐका. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच पेट्रिनोला त्याच विद्यापीठाने असिस्टंट म्हणून परत आणलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हेड कोचला काढल्यावर हंगामी हेड कोचही केलं. माझ्या शेजारची टेबलं आनंदात 'वू पिग सूई' ही संघाची आरोळी ठोकत होती. त्यात २०१२ साली त्याला हाकला म्हणणारेही होते. मी आमच्या कंपनीत असं रीहायर केलं असतं तर माझीच फाइल उघडली असती.

नॉक्सव्हिल, टेनेसी

नवरा ओक रिजला शास्त्रज्ञ, म्हणून आम्ही इथे. २६ नोव्हेंबर २०१७, रविवार. दुपारी बातमी आली की टेनेसी विद्यापीठ ग्रेग शियानोला कोच करतंय. कॅम्पसवर 'द रॉक' नावाचा एक मोठा दगड आहे, त्यावर विद्यार्थी हवं ते रंगवतात. तासाभरात त्यावर शियानो आणि पेन स्टेट प्रकरणाची सांगड घालणारा मजकूर झळकला. शियानो पूर्वी तिथे असिस्टंट होता. आधार काय, तर एका साक्षीतली ऐकीव गोष्ट, 'अमुक म्हणाला की तमुक म्हणाला' अशी. शियानोने ती ठाम नाकारली आहे आणि त्याच्यावर कधी खटला झालेला नाही. संध्याकाळपर्यंत आमदारांनी ट्वीट केले आणि नेमणूक बारगळली. आठवड्याभरात ॲथलेटिक डिरेक्टरचीही उचलबांगडी झाली.

त्या दिवशी मला गावाचा अभिमान वाटला होता की लोक मुलांच्या सुरक्षेसाठी उठले. पण आमच्या समोरचे आजोबा व्हॉल्सचे, म्हणजे टेनेसीच्या संघाचे, पक्के फॅन. ते पोर्चवरून शांतपणे म्हणाले, "मोठं नाव आणलं असतं तर त्या दगडाला रंग लागला नसता." त्यांच्याशी मी वाद घातला. मग जेरेमी प्रुइट आला, त्याचं जंगी स्वागत झालं. २०२१ च्या जानेवारीत तो खेळाडूंच्या भरतीतल्या गैरप्रकारांवरून गेला. एनसीएएने दोनशेच्या वर उल्लंघनं मोजली आणि विद्यापीठाला ८० लाख डॉलरच्या पुढे दंड केला. आजोबा आता नाहीत, नाहीतर मला पोर्चवर बोलावून चहा पाजला असता त्यांनी.

एडिसन, न्यू जर्सी

वरचं वाचून लिहितो. तो शियानो २०१९ च्या डिसेंबरात आमच्या रटगर्स विद्यापीठात परत आला. इथे तो आधीही दहा-अकरा सीझन होता, लोक त्याला ओळखतात. कोणी दगड रंगवला नाही. माणूस तोच, साक्ष तीच. आमच्या मंडळात तर तो कोण हेच निम्म्यांना माहीत नाही, सगळे क्रिकेट लीगच्या वेळापत्रकात गुंतलेले.

कोलंबस, ओहायो (हेल्पलाइनवर स्वयंसेवक)

मला फुटबॉल कळत नाही. शनिवारी गणपतीची मिरवणूक ठेवली आणि गावातच मॅच असली तर पार्किंग मिळत नाही, एवढाच माझा संबंध. पण ऑगस्ट २०१८ मला लख्ख आठवतो.

मी दक्षिण आशियाई बायकांसाठीच्या एका हेल्पलाइनवर काम करते. घरातल्या मारहाणीचे फोन येतात, हिंदीत, गुजरातीत, कधी मराठीत. त्या जुलैत ओहायो स्टेटचा असिस्टंट कोच झॅक स्मिथ याला काढलं. पूर्वपत्नीने त्याच्यावर मारहाणीचे आरोप केले होते, त्याने ते नाकारले. प्रश्न हेड कोच अर्बन मायरचा होता: त्याला कधी कळलं आणि त्याने काय केलं. झॅक हा मायरच्या गुरूंचा, अर्ल ब्रूस यांचा नातू. २००९ मध्ये फ्लोरिडात मायरकडेच असताना त्याला पत्नीच्या तक्रारीवरून अटक झाली होती. खटला पुढे गेला नाही, आणि मायरने त्याला पुढे ओहायोतही घेतलं.

चौकशी झाली. शिक्षा झाली तीन मॅचचं निलंबन. त्याआधी स्टेडियमबाहेर लोक मायरच्या समर्थनार्थ बोर्ड घेऊन उभे राहिले होते. पत्रकार परिषदेत त्याला कोणीतरी विचारलं, त्या बाईंना काय सांगाल? आपण सगळे या परिस्थितीत सापडलो याचं वाईट वाटतं, अशा अर्थाचं तो काहीतरी बोलला. आम्ही तिघी-चौघी हेल्पलाइनच्या खोलीत ते पाहत होतो. कोणी काही बोललं नाही, मग एकीने टीव्ही बंद केला.

त्या आठवड्यात आलेला एक फोन सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. बाई म्हणाली, "ताई, इतक्या मोठ्या कोचच्या माणसाविरुद्ध बोलून तिला काय मिळालं? माझा नवरा तर मंडळात सगळ्यांचा लाडका आहे." तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बातमीतून तिने नेमकं काय उचललं ते बघा. कोचचं ७३-८ (७३ विजय, ८ पराभव) हे रेकॉर्ड मला मुलाने पाठ करून दाखवलं होतं. मी त्याला म्हटलं, जेवायला बस.

ईस्ट लान्सिंग, मिशिगन

मिशिगन स्टेटच्या परिसरात राहणाऱ्यांना लॅरी नासर हे नाव सांगावं लागत नाही. शेकडो मुलींवर लैंगिक अत्याचार करणाऱ्या त्या डॉक्टरच्या प्रकरणात विद्यापीठाने २०१८ मध्ये पीडितांना ५० कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. एवढं पोळल्यावर तरी ताक फुंकून पितील, असं वाटलं होतं. २०२१ मध्ये आमचा कोच मेल टकर याच्या संघाने मिशिगन विद्यापीठाला हरवलं आणि त्याला दहा वर्षांचा साडेनऊ कोटी डॉलरचा करार मिळाला. खेळाडूंना लैंगिक हिंसेबद्दल समजावायला त्याने स्वतःच एका अत्याचारातून वाचलेल्या बाईंना बोलावलं होतं. तिनेच पुढे त्याच्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. सगळं परस्परसंमतीने झालं, असं टकर म्हणतो. तक्रार विद्यापीठाकडे डिसेंबर २०२२ पासून होती. तो कोचिंग करत राहिला. सप्टेंबर २०२३ मध्ये पेपरात आलं त्याच दिवशी निलंबन, महिनाअखेर हकालपट्टी.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये कोच म्हणून आला पॅट फिट्झजेरल्ड, रॅगिंग प्रकरणानंतर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने काढलेला. नॉर्थवेस्टर्नवाल्यांपैकी कोणी आहे का इथे? खरं काय ते सांगा. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन तट पडलेत.

बॅटन रूज, लुईझियाना

आमच्याकडे कोणाचं चारित्र्य वगैरे काही नाही, नुसता पैसा. एलएसयूला करार मोडून केलीला घालवायचा खर्च ५ कोटी ४० लाख डॉलरच्या घरात. राज्यपाल जेफ लँड्री उघड बोलले की पुढचा कोच हा ॲथलेटिक डिरेक्टर निवडणार नाही. कारण याच डिरेक्टरने पूर्वी टेक्सास ए अँड एममध्ये असताना जिंबो फिशरला कोच म्हणून आणलं होतं, आणि फिशरला २०२३ मध्ये घरी पाठवायला साडेसात कोटींच्या वर लागले. डिरेक्टर गेला. मग लेन किफिन आला, ओले मिसचा संघ प्लेऑफच्या उंबरठ्यावर सोडून. नॉक्सव्हिलच्या ताईंना हा किफिन चांगलाच आठवत असेल. २०१० मध्ये एका सीझननंतर त्याने टेनेसी सोडलं तेव्हा तिथे पोरांनी गाद्या जाळल्या होत्या. माझा सहकारी म्हणतो, पळकुटा असला तरी आता आपला पळकुटा आहे.

इव्हन्स्टन, इलिनॉय (माजी विद्यार्थी)

ईस्ट लान्सिंगच्या दादांना उत्तर. खरं काय ते मला माहीत नाही, पण क्रम नीट सांगतो, कारण वादात तोच हरवतो.

फिट्झ (फिट्झजेरल्ड) आमच्या नॉर्थवेस्टर्नचाच माजी खेळाडू, २००६ पासून कोच, आमच्या विद्यापीठाच्या इतिहासात सर्वाधिक विजय त्याचे. ७ जुलै २०२३ ला विद्यापीठाने रॅगिंगच्या चौकशीनंतर त्याला दोन आठवडे बिनपगारी निलंबित केलं. प्रकरण तिथेच मिटलं असतं. दुसऱ्या दिवशी 'डेली नॉर्थवेस्टर्न' या विद्यार्थ्यांच्या पेपरने एका माजी खेळाडूचं सविस्तर कथन छापलं. ऐन सुट्टीत, विशी-बाविशीच्या पोरांनी. १० तारखेला फिट्झ गेला. त्याने १३ कोटी डॉलरचा दावा लावला, ऑगस्ट २०२५ मध्ये तडजोड झाली. तेव्हा विद्यापीठाने म्हटलं की कोणी खेळाडूने फिट्झला रॅगिंगबद्दल सांगितलं होतं किंवा त्याने ते चालू दिलं, असं पुराव्यांतून सिद्ध होत नाही. रॅगिंग झालंच नाही, असं मात्र कोणी म्हटलेलं नाही.

त्यामुळे तुमच्या बिल्डिंगमधले दोन्ही तट आपापलं वाक्य उचलून भांडू शकतात. मी तुमच्या विद्यापीठात असतो तर त्याच्या मुलाखतीत एवढंच विचारलं असतं: तुला माहीत नव्हतं हे मान्य, मग या वेळी लॉकर रूममधली गोष्ट तुझ्यापर्यंत कशी येईल, कोण आणेल, आणि त्याचं नाव कोणाला कळणार नाही याची सोय काय? हे विचारलं गेलं का, ते तुम्ही तिथे आहात, तुम्हीच शोधून कळवा. तुमच्याकडेही विद्यार्थ्यांचा पेपर आहे.