टेबलमध्ये एडिटचं बटणच येत नाही, प्रायमरी की एवढी गरजेची का?

जाणकारांनी जरा मदत करा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये सभासदांचं टेबल आहे, त्याची 'क्रिएट टेबल अ‍ॅज सिलेक्ट' मारून कॉपी काढलीय. मूळ टेबलमध्ये एडिट, कॉपी, डिलीट सगळं दिसतं पण या कॉपीत डेटा पूर्ण दिसतो आणि बटणं गायब, ज्या टूलमध्ये बघतोय ते पीएचपीमायअ‍ॅडमिन म्हणतं युनिक कॉलम (प्रत्येक ओळीत वेगळी व्हॅल्यू असलेला) नाही म्हणून एडिट मिळणार नाही. वर्कबेंच या दुसऱ्या टूलमध्ये उघडलं तर तिथेही रीड ओन्ली. परमिशनचा प्रश्न नाही, कारण त्याच युजरने हाताने अपडेट क्वेरी मारली की बदल होतो. सर्च केलं की सगळीकडे एकच, "प्रायमरी की टाका", म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखू येईल असा कॉलम. टाकतो हो, पण का? मी तिसऱ्या ओळीवर क्लिक केलंय हे त्या टूलला दिसतंय ना, मग तीच ओळ बदल म्हणायला काय जातं?

उत्तर १

डेटाबेसला तिसरी ओळ वगैरे काही कळत नाही हो. स्क्रीनवर दिसतो तो सिलेक्टचा रिझल्ट, ऑर्डर बाय (क्रम लावायची सूचना) नसेल तर पुढच्या वेळी ओळी त्याच क्रमाने येतील याची गॅरंटी नाही. तुम्ही सेलमध्ये फोन बदलून एंटर मारलं की टूल मागे अपडेट क्वेरी बनवतं, आणि तिच्या व्हेअरमध्ये, म्हणजे कोणती ओळ बदलायची त्या अटीत, काय लिहायचं हाच सगळा घोळ. आयडी असेल तर 'व्हेअर आयडी = १७', विषय संपला. नसेल तर नाव अमुक आणि फोन तमुक आणि पत्ता ढमुक असं सगळे कॉलम जुळवत बसा, त्यात दोन ओळी हुबेहूब सारख्या निघाल्या की दोन्ही बदलल्या. फोन नल (म्हणजे भरलेलाच नाही) असेल तर '= नल' कधीच जुळत नाही, 'इज नल' लिहावं लागतं. वर्गणीचा कॉलम फ्लोट (दशांश आकडा अंदाजे साठवणारा प्रकार) असला तर अजून मजा, स्क्रीनवर १.१ दिसतं पण आत नेमकं तेवढंच नसतं, त्यामुळे एकही ओळ सापडत नाही. एवढ्या भानगडीपेक्षा बटणच काढलं ते बरं केलं असं माझं मत.

आणि अ‍ॅज सिलेक्टने कॉलम नि डेटा येतो, इंडेक्स (प्रायमरी की त्यातलीच एक) येत नाहीत. 'क्रिएट टेबल नवं लाईक जुनं' करून मग इन्सर्ट सिलेक्ट मारलं असतं तर की पण आली असती.

प्रश्नकर्ता

ओके, आता डोक्यात शिरलं. पण इनोडीबी (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) आत स्वतःचा रो आयडी ठेवतं म्हणे, तोच का नाही वापरत?

उत्तर २

ठेवतं, ६ बाइटचा, पण प्रायमरी की किंवा नॉट नल युनिक इंडेक्स नसेल तरच, आणि तो क्वेरीतून मागताच येत नाही. ओरॅकल, एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसमध्ये रोआयडी मागता येतो. पोस्टग्रेसमध्ये तसाच सीटीआयडी आहे पण ओळ अपडेट झाली की तो बदलतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

तुम्ही सरळ 'ऑल्टर टेबल' करून ऑटो इन्क्रिमेंटवाला आयडी प्रायमरी की म्हणून टाका, जुन्या ओळींना नंबर आपोआप पडतात. फोनलाच की करायचा मोह होईल, करू नका, नंबर बदलतात आणि एका घरात दोघांचा एकच असतो. डुप्लिकेट ओळी यामुळे जाणार नाहीत, फक्त आता त्यातली एक धरून उडवता येईल. त्याआधी कोडमध्ये कुठे कॉलमची नावं न देता इन्सर्ट केलंय का ते बघा, एक कॉलम वाढला की तिथे एरर येणार.