संध्याकाळी पाय सुजतात म्हणून पाणी कमी प्यावं का?

वाटसरू:
बाबांचे (वय ७२) पाय संध्याकाळी घोट्यांशी सुजतात. अंगठ्याने दाबलं की खळगा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. सकाळी पाय जवळपास नॉर्मल. त्यांनी आपल्या मनानेच पाणी निम्म्यावर आणलंय. आता तोंडाला कोरड, लघवी गडद, आणि सूज आहे तिथेच! लघवी साफ होत होती, तरी पायात पाणी साठलंच कसं? जाणकारांनी सांगावं.

रेणू_सिस्टर:
वॉर्डात नोकरी केली आहे, असे खळगे रोज पाहिलेत. डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर पाणी तोडणं आधी थांबवा. पाणी कमी पडलं की रक्तातलं मिठाचं प्रमाण वाढतं, मेंदू एडीएच (पाणी राखायला सांगणारं हार्मोन) सोडतो आणि किडनी पाणी राखून ठेवते. लघवी गडद झाली ती त्यानेच. मीठ कमी केलंत तर उपयोग आहे, कारण सोडियम पाणी धरून ठेवतं.

आता पायांचं. केशवाहिन्यांतून पाणी सतत बाहेर झिरपत असतं. रक्ताचा दाब ते बाहेर ढकलतो, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन आत ओढून धरतं. हे स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८९६ मध्येच मांडलं. उरलेलं लसीकावाहिन्या (लिम्फच्या नळ्या) गोळा करून परत रक्तात सोडतात. निश्चल उभं राहिलं की घोट्याच्या शिरांत पाऱ्याच्या ९० मिमीच्या आसपास दाब असतो. चालताना पोटऱ्या शिरा पिळतात, तेव्हा तो उतरतो. बाबा दिवसभर खुर्चीत असतात का? रात्री आडवं झालं की हेच पाणी रक्तात परततं, मग लघवीला उठावं लागतं.

बीपीची गोळी कुठली चालू आहे?

वाटसरू:
खुर्ची आणि टीव्ही, दुसरं काय! रात्री उठतातही. गोळी अॅम्लोडिपिन, अलीकडेच डोस वाढवलाय.

रेणू_सिस्टर:
मग माझा पहिला संशय गोळीवर. ती धमनिका (बारीक धमन्या) सैल करते, पण शिरा तितक्या सैल होत नाहीत, म्हणून मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो. अशा सुजेवर लघवी वाढवणाऱ्या गोळीचा फारसा उपयोग नसतो. मनाने बंद मात्र करू नका, डॉक्टर डोस किंवा गोळी बदलतील. लघवीतलं प्रोटीनही तपासून घ्या.

निवांत_पक्षी:
एकच पाय सुजून पोटरी दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर इथे विचारत बसू नका, थेट दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी असू शकते.

वाटसरू:
दोन्ही पाय सारखेच आहेत, धाप नाही. उद्याच डॉक्टरांना फोन करतो.